तळघरातली भिंत

१४ ऑक्टोबर

आज सकाळी खिडकीच्या काचा आतून ओल्या होत्या. म्हणजे शेगडी पेटवायची वेळ झाली. मी स्वेटरवर स्वेटर चढवला आणि अजून थोडं पुढं ढकललं.

खाणीनं यंदापासून विधवांचा कोळसा बंद केला. पेन्शनरांना अजून मिळतो, आमच्यासारख्यांना नाही. एवाल्ड होता तोवर दर शरदात गाडी यायची, चाळीच्या दारात काळा ढीग ओतून जायची, आणि तो फावड्यानं खिडकीतून तळघरात लोटत बसायचा. यंदा आमच्या दारासमोरची फरशी स्वच्छ आहे. समोरची सीला म्हणाली, ‘एर्ने, तुझ्या दारात आता पाट मांडून जेवायला बसावं.’

खरं म्हणजे माझ्याकडे कोळसा आहे. हे फक्त इथं लिहिते. तळघराच्या मागच्या अंगाला एवाल्डनं गेल्या वर्षी लावलेली भिंत जशीच्या तशी उभी आहे. मोठे, चकाकणारे तुकडे, सांधे जुळवून एकावर एक, माझ्या खांद्याला लागतील इतके उंच. त्याची पद्धतच ती. पुढं बारीक कोळसा रोजच्या जाळायला, मागं मोठे तुकडे कडाक्याच्या थंडीसाठी. थंडीचा कडाका आला आणि एवाल्डच गेला. उरलेला हिवाळा मी बहिणीकडे काढला. बारीक कोळसा तेव्हाच संपला होता. भिंत राहिली.

तिला मी हात लावणार नाही. तिच्यावर जुनं घोंगडं टांगलंय, कारण तळघरातल्या फळ्यांच्या फटींतून येणाऱ्या-जाणाऱ्याला सगळं दिसतं.

१७ ऑक्टोबर

ग्रंथालयातून घरगुती शेगड्यांवरचं एक पातळ पुस्तक आणलं. घेतलं आणि निघाले. हल्ली मी तिथं रेंगाळत नाही. एवाल्ड गेला त्या सकाळी मी कपाटापाशी उभी राहून कुठल्याशा वाळवंटातला प्रवास वाचत होते. त्याच्या छातीत आदल्या दिवसापासून दुखत होतं, मी जायचं टाळत होते. तो म्हणाला, ‘जा गं. एवढा कोळसा रचणारा माणूस खुर्चीत बसून मरतो होय?’ मला ते पटलं. भिंत मी पाहिली होती ना. परत आले तर तो खुर्चीत, आणि त्याचा चहा गार.

पुस्तकात सगळं नीट दिलं आहे. बीचचं लाकूड उत्तम, पण पुरतं वाळलेलं हवं. बर्च लगेच पेटतं आणि लगेच संपतं. पाइनमध्ये राळ असते, धुराडं तिनं आतून चिकट होतं. तपकिरी कोळशाच्या विटांना राख फार. दगडी कोळसा मोठ्या तुकड्यांचा असेल तर खोली दिवसभर उबदार राहते. आणि सगळ्यांत शेवटी कोळशाचा गाळ, खाणीत कोळसा धुतल्यावर तळाशी बसतो तो चिखल. तो घरात जाळू नये, असं ठळक अक्षरांत आहे. एक वाक्य आवडलं म्हणून उतरवून ठेवते: ओलं इंधन आधी स्वतःला सुकवतं, मग उरलं तर खोलीला ऊब देतं.

२१ ऑक्टोबर

लाकडाच्या वखारीत गेले. बीचचे दोन तुकडे एकमेकांवर आपटून पाहिले. वाळलेलं लाकूड खणखणीत वाजतं. हे भाकरीच्या पिठासारखं धपकलं. वखारवाला म्हणाला, ‘काकू, लाकूड जाळायचंय की गायला बसवायचंय?’ मी म्हटलं, जाळायचंय म्हणूनच वाजवते. तो म्हणाला मग पुढच्या वर्षी या.

परत येताना गाळ घेतला.

मला ठाऊक आहे मी काय केलं. एवाल्ड गाळाला खाणीचा शेंबूड म्हणायचा. जो खाणकामगार घरी गाळ जाळतो त्यानं सणाला तुऱ्याची टोपी घालून मिरवू नये, असं म्हणायचा. पण गाळ हळू जळतो. थोडक्यात भागतं. आणि एकाच हिवाळ्याचा तर प्रश्न आहे. पुढच्या वर्षीसाठी लाकूड उन्हाळ्यातच घेऊन ठेवीन.

ओला गाळ वर्तमानपत्रात बांधून त्याचे पुडे करायचे आणि निखाऱ्यावर ठेवायचे. जुनी वर्तमानपत्रं खूप आहेत. बांधण्याआधी एकदा वाचून घेते.

३० ऑक्टोबर

धुराडं साफ करणारा आला होता. काळे कपडे, खांद्यावर दोराचं भेंडोळं. खिडकीतून दिसला तेव्हा सवयीनं कोटाचं बटण धरलं. तो दिसला की बटण धरायचं, नशीब उघडतं, असं आम्ही लहानपणापासून करतो. मग त्यानं माझंच दार वाजवलं. शेगडीत पुडे होते. कोपऱ्यात गाळाची घमेली होती. मी मांडीवर पुस्तक घेऊन, एका हातात बटण धरून, श्वास रोखून बसले. तो पुन्हा वाजवून गेला.

नंतर स्वतःचीच लाज वाटली. चोरी केल्यासारखी बसले होते, स्वतःच्या घरात.

१ नोव्हेंबर

सर्व संतांचा दिवस. कबरीवर मेणबत्त्या लावायला गेले. वरच्या मजल्यावरचे गिंटर बरोबर आले. ते आणि एवाल्ड आयुष्यभर एकाच खाणीत, एकाच तुकडीत. दोघांच्या छातीत तीच धूळ. एवाल्डची धूळ आधी भारी पडली.

परतताना त्यांनी विचारलं, ‘वहिनी, तळघरात काही शिल्लक आहे ना?’

‘माझ्यापुरतं आहे.’

‘नसलं तर सांगा. मनात काही आणू नका.’

‘आहे म्हटलं ना.’

खोटं बोलले नाही. खरंही बोलले नाही.

११ नोव्हेंबर

सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर बादली. वर फडकं, खाली मोठे, कोरडे, निवडक तुकडे. चिठ्ठी नाही. गिंटरचीच बादली, कडी तारेनं बांधलेली. सीला तिच्या खिडकीत कोपर टेकून बसली होती. म्हणाली, ‘काय गं एर्ने, लोक फुलं आणतात. आपल्याकडे कोळसा आणायची रीत दिसतेय.’

दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता. एवाल्डला जाऊन वर्षही झालं नाही.

१३ नोव्हेंबर

बादली वर नेऊन ठेवली. गिंटरनी दार उघडलं. डोळे लाल होते. मी म्हटलं, ‘हे मला चालायचं नाही, गिंटर. लोक बोलतात.’

‘लोक धुरात बसून बोलतात, वहिनी. कोळसा घ्या.’

‘मला गरज नाही.’

‘गरज असं कुठं म्हटलं? माझ्याकडे जास्त झालाय.’

‘मग विका.’

त्यांनी बादली आत घेतली. मग म्हणाले, ‘बरं. राहिलं.’ आणि दार हळूच लावलं. मी वाईट बोलले. पण असल्या गोष्टी वेळीच थांबवलेल्या बऱ्या.

२६ नोव्हेंबर

बाहेर नळ गोठलाय आणि गिंटरची खिडकी सताड उघडी. खालून पाहिलं तर ते कोट घालून खिडकीत उभे. मी ओरडून सांगितलं, ‘अहो, अंगण तापवताय का?’ ते हसले. म्हणाले, ‘डोकं जड झालंय. जरा हवा लागू दे.’

म्हातारपणात माणसाला काय सुचेल सांगता येत नाही. एवढा चांगला कोळसा जाळायचा आणि ऊब बाहेर सोडायची. मी इथं पुडे बांधून बोटं काळी करते.

४ डिसेंबर

संत बार्बाराचा दिवस, खाणकामगारांचा. उजाडता उजाडता बँड चाळींमधून वाजत गेला. गिंटर काळ्या गणवेशात, तुऱ्याची टोपी घालून खाली आले. दरवर्षी बँडमागून चर्चपर्यंत चालत जातात. यंदा कोपऱ्यावरच्या दिव्यापर्यंत गेले, खांबाला धरून उभे राहिले आणि परत आले. जिन्यात बसले. मी पाणी दिलं.

‘हवा जड आहे,’ म्हणाले.

‘सीलाच्या धुराड्यातून पाहा कसा पिवळा धूर येतोय. तिला कुणी बोलत नाही,’ मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होते. मग म्हणाले, ‘प्रत्येकाची अडचण प्रत्येकाला ठाऊक, वहिनी. कुणी काय जाळावं ते आपण विचारू नये.’

आमच्या वस्तीत ही रीत जुनीच आहे. धुराड्यातून काय निघतं त्यावरून घरात काय आहे ते कळतं. म्हणून तिकडं कुणी वर बघत नाही.

२४ डिसेंबर

नाताळच्या आदल्या रात्री अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट जास्तीचं मांडायचं असतंच, यंदा ते रिकामं राहू नये म्हणून गिंटरना बोलावलं. मासा, कोबी, खसखशीचं गोड. आले तेव्हा चेहरा लालबुंद होता, हात थरथरत होते. तासाभरात रंग पालटला. दोनदा वाढून घेतलं, एवाल्डच्या नकला केल्या. मी पुष्कळ दिवसांनी हसले आणि हसल्याबद्दल मनातल्या मनात माफी मागितली.

जाताना म्हणाले, ‘तुमच्याकडे आलं की मला बरं वाटतं, वहिनी. वर गेलो की पुन्हा तेच.’

माणसानं असं बोलू नये. मी ताटं आवरायला घेतली.

६ जानेवारी

फार थंडी. पुडे जास्त लागतात. शेगडी नीट ओढ घेत नाही, दार उघडलं की धूर तोंडावर येतो. पुस्तकात म्हटलंय धुराडं तपासून घ्यावं. थंडी ओसरली की बोलावीन.

तळघरात जाऊन घोंगड्यावरून भिंतीला हात लावून आले.

९ जानेवारी

आज घडलं ते क्रमानं लिहिते.

सकाळी वर काहीतरी धपकन पडलं. मी हाक मारली, उत्तर नाही. वर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. गिंटर पलंग आणि खिडकी यांच्या मधोमध पडले होते, एक हात खिडकीकडे. खिडकीची कडी गोठून बसली होती.

खोलीत एक वास होता. आंबट, जळक्या चिखलाचा, आणि त्यात जळलेल्या शाईचा. त्यांच्या शेगडीत सकाळपासून काही पेटलेलं नव्हतं. मी तो वास ओळखला. रोज माझ्या कपड्यांना, केसांना येतो तो. तो माझा वास होता.

काच मी बुटानं फोडली. खांद्यांना धरून ओढत जिन्यात आणलं. सीलानं रुग्णवाहिका बोलावली. स्ट्रेचरवर ठेवताना त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं की नाही, कळलं नाही.

१० जानेवारी

धुराडेवाला आला. मीच बोलावला. त्यानं आधी माझी शेगडी पाहिली, मग वर गेला, मग छपरावर. खाली आला तेव्हा टोपी हातात होती.

‘बाई, तुमचं धुराडं आतून डांबरानं भरलंय. मुठीएवढी वाट उरली होती. वरच्या खोलीत पलंगामागं भिंतीला भेग आहे, तुमचं धुराडं तिथून जातं. वर जायला वाट मिळेना म्हणून धूर त्यांच्याकडे गेला. धूर दिसतो तरी. त्यातला जो वायू दिसत नाही तो माणूस मारतो.’

मी गाळाचं घमेलं त्याच्यापुढं सरकवलं.

‘शरदात आलो होतो. तेव्हाच दिसलं असतं. घरी कुणी नव्हतं.’

‘होते,’ मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं. शेगडी पेटवता येऊ नये म्हणून त्यानं तिच्या दाराला तार घालून शिशाची मोहर ठोकली आणि गेला.

११ जानेवारी

घरात शेगडी नाही, म्हणून सीलानं मला तिच्याकडे नेलं. मी तिला सगळं सांगितलं, भिंतीचंही. ती बराच वेळ बटाटे सोलत राहिली. मग म्हणाली, ‘तळघरात सोनं ठेवून तू आम्हाला गाळ हुंगायला लावलास. वर माझ्याच धुराड्याला नावं ठेवलीस.’

‘हो.’

‘जेव आता,’ म्हणाली. आणि ताट आपटलं.

१३ जानेवारी

गिंटरची मुलगी रेनाटा जर्मनीहून आली. जिन्यात भेटली. मी काही म्हणायच्या आत तिनं मला मिठी मारली. ‘काकू, तुम्ही नसता तर बाबा गेलेच असते.’

मी म्हटलं, ‘रेनाटा, तो धूर माझा होता.’

‘माहीत आहे. बाबांना नाताळच्या आधीपासून माहीत होतं. फोनवर मी म्हणायची, खाली जाऊन सांगा ना. तर म्हणायचे, वहिनींकडे जाळायला काही उरलं नाही. खाणीनं तोडलंय. बादली दिली ती परत आणून ठेवली. आता गाळाचं काढलं तर ती बाई लाजेनं मरेल. मी खिडकी उघडी ठेवतो, फेब्रुवारीपर्यंतचा तर प्रश्न आहे.’

ती आणखी काही बोलत होती. मी कठड्याला धरून उभी होते. माझी लाज सांभाळायला तो माणूस गोठणाऱ्या थंडीत खिडकी उघडून बसला. आणि मला वाटत होतं तो माझ्यामागं लागलाय.

माझ्याकडे कोळसा होता, हे मी तिला सांगितलं नाही. सीलाला सांगता आलं. हिला नाही. आधी त्यांना सांगायला हवं.

१६ जानेवारी

रुग्णालयात गेले. बसमधून दोनदा उतरावंसं वाटलं.

गिंटरच्या नाकात नळी होती. चेहरा बारीक झालाय. मला पाहून म्हणाले, ‘वहिनी, बसा. खुर्ची थंड आहे, पण खुर्ची आहे.’

मी उभीच राहिले. बसले असते तर बोलता आलं नसतं.

‘गिंटर, माझ्याकडे कोळसा होता.’

‘कुठला कोळसा?’

‘एवाल्डचा. मागची भिंत. त्यानं शेवटच्या शरदात लावलेली. घोंगड्यामागं आहे. मला ती मोडवेना, म्हणून मी गाळ जाळला. मी गरीब नव्हते.’

ते छताकडे पाहत राहिले. शेजारच्या पलंगावरचा म्हातारा कान देऊन ऐकत होता, ऐकू दे म्हटलं.

‘सगळी आहे?’ त्यांनी विचारलं.

‘सगळी.’

‘फुगली नाही कुठं? सांधे धरून आहेत?’

‘एक तुकडा हललेला नाही.’

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आधी उमगेना. त्यांना समाधान वाटलं होतं. म्हणाले, ‘मग बरी लावली म्हणायची मी.’

‘तुम्ही?’

‘एवाल्डला वाकता येत नव्हतं तेव्हा. वाकला की श्वास अडकायचा. तो उलट्या बादलीवर बसून मला शिव्या द्यायचा. हा इथं नको, गाढवा, तो तिथं. तुम्ही ग्रंथालयात गेलात की आम्ही खाली. तुम्ही यायच्या आत तो हात काळे करून घ्यायचा आणि वर येऊन बसायचा.’

‘मला का नाही सांगितलं?’

‘त्यानं वचन घेतलं. म्हणाला, एर्नाला कळलं तर ती माझ्या उशाशी बसेल, बाहेर पडायची नाही. तिला तिथं जाऊ दे. तिथून आली की तिचा चेहरा बघण्यासारखा असतो.’

मी तेव्हा बसले. एवाल्ड धडधाकट आहे याचा माझ्याकडे एकच पुरावा होता, ती भिंत. तिच्यावर विसंबून मी त्या सकाळी बाहेर पडले. तिच्यासाठी मी गाळ जाळला. आणि ज्या हातांनी ती रचली त्या माणसाच्या छातीत मी तो धूर भरला.

गिंटर माझ्याकडे पाहत होते. घाईघाईनं म्हणाले, ‘खालची रांग मात्र त्याचीच हं, वहिनी. ती त्यानं स्वतः लावली. मला हात लावू दिला नाही.’ आणि खिडकीकडे तोंड वळवून खोकू लागले.

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मीही माफी मागितली नाही. माफी मागणं म्हणजे त्यांच्याकडून आणखी एक बादली घेणं झालं असतं.

२ फेब्रुवारी

धुराड्यात नवी नळी बसवली, गिंटरची भेगही बुजवली. शिसं तोडलं. घरी आले.

घोंगडं काढलं आणि वरच्या रांगेतले तुकडे बादलीत घेतले. हातोडीनं फोडताना एकदाच डोळे मिटले. मग नाही. पुस्तकातली एक रीत करून पाहिली: कोळसा आधी रचायचा आणि आग वरून लावायची, म्हणजे धूर ज्वाळेतून जाताना जळून जातो. सीला म्हणाली, ‘मेणबत्ती पेटवतेस की शेगडी?’ पण मग ती स्वतः अंगणात जाऊन धुराड्याकडे मान वर करून पाहू लागली. मी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले. आमच्या वस्तीत कुणी असं उभं राहत नाही. वर नुसती हवा हलत होती.

खालची रांग ठेवायची असं ठरवलंय. तेवढी एक.

१९ फेब्रुवारी

उद्या गिंटर घरी येतात. रेनाटा त्यांना जर्मनीला न्यायला तयार होती, ते गेले नाहीत. श्वासासाठी एक यंत्र बरोबर येणार आहे. ते आता कायमचं, असं डॉक्टर म्हणाले. आधीपासूनची धूळ होतीच, असंही म्हणाले. ते मला दिलासा द्यायला म्हणाले की काय, कोण जाणे. मी घेतला नाही.

२० फेब्रुवारी

सकाळी तळघरात गेले. भिंतीची आता फक्त खालची रांग उरली आहे. तिच्यासमोरचा चुरा झाडायला वाकले. गुडघे टेकले, तरी हात जमिनीपर्यंत नेताना कंबर बोलू लागली. तशीच थांबले. ज्याला वाकता येत नव्हतं त्यानं बाकी सगळं दुसऱ्याकडून लावून घेतलं आणि सगळ्यांत जास्त वाकायला लावणारी रांग स्वतः लावली? ती गोष्ट गिंटरनी माझ्यासाठी रचली होती.

नाकात नळी असलेला माणूस, आणि त्याला माझी काळजी.

मी खालच्या रांगेतले तुकडे काढले, बादली भरली, वर गेले आणि गिंटरची शेगडी पेटवली. वरून. दुपारपर्यंत शेगडीला बाहेरून लावलेल्या फरशा तापल्या.

गिंटर श्वासाचं यंत्र ढकलत आत आले. कोट न काढता शेगडीला दोन्ही हात लावून उभे राहिले.

‘कुठला कोळसा?’ त्यांनी विचारलं.

‘खालच्या रांगेतला.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हात तसेच शेगडीच्या फरशांवर. यंत्र घरघरत होतं. खाली माझ्या खोलीत ते ऐकू येईल, रोज येईल.

‘भिंत संपली मग,’ ते म्हणाले.

‘थोडी उरलीय. उद्याही मीच पेटवायला येईन.’

‘या,’ म्हणाले. ‘दार उघडंच असतं.’